सातपुड्यातल्या बाळांचं पोषण: मंडळांनी वाटप करायचं की अंगणवाडी चालती ठेवायची?

तापीकाठ
दिवाळी आली की जळगाव, भुसावळ, धुळे, शहाद्याहून मंडळांच्या गाड्या भरून नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे निघतात. फराळ, चादरी, बिस्किटं. भावना खरी असते, पण कुपोषणावर हा उपाय नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि तेल. मूल त्यावर पोट भरतं आणि भाकरीला तोंड लावत नाही. 2013 च्या मूळ अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळण्याचा हक्क दिला होता. कुपोषित बाळाला 800 उष्मांक आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं. एका दिवसाच्या वाटपानं हे होत नाही. उलट अंगणवाडीचा आहार महिनाभर आलाच नाही, तरी गावात ओरड होत नाही, कारण मधेच कुणीतरी गाडी घेऊन येतं. तक्रार कागदावर आली नाही की वर कुणाला काही कळत नाही.

आणखी एक. अतितीव्र कुपोषित बाळाला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे अशा बाळांना दाखल करून उपचार करतात तिथं, सुरुवातीला एफ-75 हे हलकं दूध दर दोन तासांनी थोडं थोडं देतात. लोहाचं औषधसुद्धा त्या दिवसांत देत नाहीत. हे गाडीवरून वाटता येत नाही.

सातपुडा_पायवाट
कायदा मान्य आहे भाऊ, पण मूल पाड्यावर असेल तर ना? दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, त्या होळीच्या सुमाराला परततात. नाव धडगावच्या अंगणवाडीत आणि मूल सुरतेकडच्या पडावावर, टोळीच्या मुक्कामाला. आईबाप उजाडायच्या आत फडात. दिवसभर त्या मुलाला कोण जेवू घालतं?

सरकारला मंजुरी, निविदा, बिल यांतून जावं लागतं. संस्था दुसऱ्या दिवशी पडावावर चूल पेटवू शकते. तीन वर्षांवरच्या 25 मुलांना दीड किलो तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ, पाव किलो शेंगदाण्याचं कूट आणि सव्वाशे मिली तेल अशी खिचडी, वर एकेक अंडं. प्रत्येकी साधारण 450 उष्मांक आणि 17 ग्रॅम प्रथिनं होतात. सोबत आपलं रावेर-यावलचं केळं दिलं की 500 च्या वर गेलं. केळी मात्र घडानं नेऊन साठवू नका, चार दिवसांत काळी पडतात. दर दोन दिवसांनी लागतील तेवढ्याच फण्या घ्याव्यात.

आणि दर बघा. 2017 साली अंगणवाडीच्या आहाराला एका मुलामागे रोजचे आठ रुपये ठरले. एका अंड्यातच त्यातले बहुतेक संपतात.

तापीकाठ
दर अपुरा आहे, यात वादच नाही. पण त्याला उत्तर दर वाढवून घेणं आहे. देणगीनं भोक बुजवलं की दर वाढवायची निकड कुणाला उरते? शिवाय ती चूल मार्चनंतर कोण पेटवणार? कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा दोन टक्के निधी म्हणाल, तर कायदाच सांगतो की आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, कारखाने किती आहेत? अंगणवाडीचा आहार ही मेहेरबानी नाही. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं या योजना लोकांचा हक्क ठरवल्या. देणगी थांबली तर कुणाला जाब विचारता येत नाही, हक्क बुडाला तर येतो.

स्थलांतराचंही तेच. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवायची सोय आहे. अडतं ते यादीपाशी. टोळी निघायच्या आधी मुलाचं नाव, जन्मतारीख, दंडघेर (दंडाचा घेर), मुकादमाचा फोन, पडावाचं गाव एवढं लिहून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे पोचवणं, हे काम मंडळांनी घ्यावं.

शहादा_शेंगदाणा
यादीत दंडघेर लिहायचा तर मोजणी नीट हवी, नाहीतर नुकसानच. डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला. पट्टी आवळायची नाही. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषित; 12.5 पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम. हा नियम सहा महिने ते पाच वर्षांसाठी.

सगळ्यात जास्त चुकतं ते उंचीत. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवूनच मोजायचं. उभं केलं तर सुमारे 0.7 सेंटीमीटर कमी भरतं, मग उंचीच्या मानानं वजन ठीक वाटतं आणि खरं कुपोषित मूल यादीतून निसटतं. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का तेही बघायचं. सूज असली की वजन फसवं असतं. आणि आपलं वेगळं रजिस्टर नको, नोंद सेविकाताईंच्याच वहीत व्हावी.

दानाची खरी जागा मला वेगळीच दिसते. पोषण पुनर्वसन केंद्रात आईला बाळाबरोबर 14 दिवस राहावं लागतं. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघून जाते, कारण घरी दुसरी लेकरं आणि शेळ्या असतात. बुडीत मजुरी मिळते, पण खात्यात, तीही उशिरा. मागे राहिलेल्या चार माणसांना 14 दिवसांना 22 किलो ज्वारी किंवा मका, तीन किलो डाळ, दीड लिटर तेल आणि आईचं परतीचं भाडं द्या. फराळाच्या एका गाडीच्या पैशांत अशा कितीतरी आया पूर्ण मुदत राहतील.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे लोकांनी फक्त सरकारच्या कामाला हातभार लावायचा? साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. गावानं आधी स्वतः जंगल राखलं, त्याचा मान नंतर मिळाला. ते काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढाकार लोकांचाच असावा लागतो.

तापीकाठ
बारीपाडा बरोबर शे भाऊ. पण तिथं गावानं स्वतःचं रान राखलं, बाहेरून गाड्या आल्या नव्हत्या. आणि जंगल वाढायला दहा-वीस वर्षं देता येतात. 11 सेंटीमीटर दंडाचं बाळ तेवढं थांबू शकत नाही.

सातपुडा_पायवाट
थांबू शकत नाही, म्हणूनच माझी चूल. शेंगदाणादादांचा 14 दिवसांचा शिधा मला पटला, यादीही करू. पण ती ट्रक निघायच्या आधी तयार हवी, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी पाड्यावर जायला लागेल. आणि पडावाजवळच्या अंगणवाडीत त्या मुलांना आहार मिळायला लागेपर्यंत खिचडी बंद होणार नाही. ज्या दिवशी तिथं पहिलं ताट वाढलं जाईल, त्या दिवसापासून आमचा शिधा केंद्रातल्या आयांच्या घरी वळवू.