एक उडी तरी ओळखता येतेच
'बर्फावरच्या स्केटिंगमधल्या सगळ्या उड्या सारख्याच दिसतात, त्यापेक्षा जुनी सिटकॉम परत लावेन' हे वरचं वाचून हसू आलं, मीही आधी हेच म्हणायचे. पण अ‍ॅक्सल नावाची उडी कुणालाही ओळखता येते हो. बाकी उड्या पाठमोऱ्या सरकत घेतात, ही एकटीच तोंड पुढे करून, आणि उतरायचं मात्र उलटंच, म्हणून अर्धी गिरकी जास्तीची. २०२२ मध्ये अमेरिकन स्केटर इलिया मालिनिनने स्पर्धेत पहिल्यांदा क्वाड अ‍ॅक्सल मारली ती म्हणजे चार आणि वरची अर्धी, हवेत साडेचार गिरक्या! मी तव्यावर थालीपीठ टाकून तो व्हिडिओ स्लो मोशनमध्ये मोजत बसले, गिरक्या साडेचार भरल्या आणि थालीपीठ खालून कोळसा. सिटकॉमचं तेवढं बरंय, स्वैपाक करताना नुसतं ऐकलं तरी भागतं, हशा आला की मान वर करायची.