‘हाफ-टिंबर्ड’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या लिटल मोर्टन हॉलवर एक टिपण लिहितोय. १५०४च्या सुमारास बांधायला घेतलेलं, खंदकानं वेढलेलं घर. काळ्या लाकडांची नक्षी, मधे पांढऱ्या भिंती. ‘हाफ-टिंबर्ड’ला मी ‘अर्धलाकडी’ लिहिलं, तर बायको म्हणाली, उरलेलं अर्धं वाळवीनं खाल्लं का? बरा शब्द सुचवा.

– वहिनींचं बरोबर आहे! ‘लाकडी घर’ही नको, भिंती लाकडाच्या नसतातच. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर, भिंत नुसती मधली जागा बुजवते. जुन्या वाड्यांत खांब-तुळयांचं हेच काम. ‘लाकडी सांगाड्याचं घर’ लिहा. ‘बे’ला, म्हणजे खांबांच्या दोन जोड्यांमधल्या जागेला, ‘खण’ शब्द तयारच आहे. आपण चारखणी माजघर म्हणतो, तसे तिकडेही घर ‘बे’वर मोजत. आणि भिंत म्हणजे चक्क कूड! उभ्या लाकडी पट्ट्यांत हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या विणायच्या, वरून माती, शेण, पेंढा कालवून लिंपायचं. आपल्याकडे कारवी, एवढाच फरक.

– ‘जेट्टी’चं काय करायचं? वरचा मजला पुढे आलेला असतो तो. मला तर मांडव्याची जेट्टीच आठवते.

– आठवू दे की, शब्द एकच आहे. मूळ फ्रेंच, अर्थ ‘फेकणे’. एक पाण्यात पुढे टाकलेली, दुसरी हवेत. मात्र ‘सज्जा’ म्हणू नका. सज्जात माणूस वारा खायला उभा राहतो, इथे अख्ख्या खोल्या असतात. मजल्याच्या कड्या, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडं, खालच्या भिंतीबाहेर काढतात आणि वरची भिंत त्यांच्या टोकांवर उभी राहते. ‘पुढे काढलेला मजला’ पुरे.

– ‘काळं-पांढरं घर’ असं मात्र कुठे लिहू नका. तो काळा रंग व्हिक्टोरियन काळातली हौस. आधी लाकूड तसंच उघडं असे.

प्रश्नकर्ता : आभार. ‘खण’ आणि ‘कूड’ घेतले. रिचर्ड डेल नावाच्या सुतारानं १५५९च्या खिडक्यांवर स्वतःचं नाव कोरलंय, त्याला मी ‘कारपेंटर’ लिहिलं होतं, तेही बदललं. आता शेवटचं. वरची लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन, मागाहून चढवली, तिच्या छपरावर दगडी फरश्या, त्या वजनानं खालचे मजले वाकलेत. ‘झोल’ लिहू की ‘बाक’?

– बाक. झोल दोरीला पडतो, तुळईला बाक येतो.