मदत हवी आहे : बाडमेरच्या वाळवंटात वीज-नळाच्या जोडणीविना घर; जमिनीखालच्या जिप्समच्या थराचे काय करावे?

नमस्कार.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात. त्या भागातील अनेक कुटुंबांप्रमाणे माझे वडील गलाईच्या व्यवसायासाठी, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, तरुणपणी बाहेर पडले आणि राजस्थानात बाडमेरला स्थिरावले. आता ते ७१ वर्षांचे आहेत. भट्टीसमोर चाळीस वर्षे काढल्यावर त्यांना दम्याने गाठले आहे. शहरातल्या भाड्याच्या खोल्या त्यांना नकोशा झाल्या आहेत, आणि गावी परतायलाही ते तयार नाहीत, कारण त्यांची जिवाभावाची माणसे आता इथेच आहेत. बाडमेरच्या पूर्वेला, कवासच्या बाजूस, त्यांनी पूर्वी घेतलेली सुमारे दोन एकर जमीन आहे. तिथे वडील, माझे पती आणि मी अशा तिघांसाठी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी एवढेच घर बांधायचे आहे. घरापुरते क्षेत्र रीतसर बिगरशेती करून घेतल्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न उरलेला नाही.

हाताशी एकूण ८ लाख रुपये आहेत आणि कर्ज काढायचे नाही. विजेचा शेवटचा खांब पावणेदोन किलोमीटरवर आहे. तिथून तारा आणण्याचा खर्च आमच्यावर पडेल आणि तो सौरसंचापेक्षा जास्त होतो. छतावरील सौरसंचाला केंद्र सरकारचे जे अनुदान २०२४ पासून मिळते, ते वीजवाहिनीला जोडलेल्या संचासाठी असल्यामुळे आम्हाला लागू होत नाही. नळाचे पाणी आमच्या रानापर्यंत येत नाही, आणि विंधनविहिरीचे पाणी इतके खारे आहे की बाभळीलाही ते मानवत नाही.

मुख्य अडचण गेल्या ऑगस्टमध्ये लक्षात आली. पायाचा अंदाज घेण्यासाठी आम्ही खड्डा खणला, तेव्हा चार फुटांवर पांढरा, टणक थर लागला. दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि त्या खड्ड्यात सहा दिवस पाणी जसेच्या तसे उभे राहिले. या भागातल्या कोणालाही असे उभे पाणी पाहिले की ऑगस्ट २००६ आठवतो. त्या वेळी बाडमेर जिल्ह्यात तीन दिवसांत वर्षभराच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास पाऊस कोसळला, आणि जमिनीखालच्या जिप्सममुळे पाणी मुरलेच नाही. कवास गाव पुढे कित्येक आठवडे पाण्यात होते. वाळवंटात घर बांधायचे म्हणजे उन्हाचा विचार करायचा, एवढेच मी धरून चालले होते; आता पाया, टांका (पावसाचे पाणी साठवायची जमिनीखालची टाकी) आणि शौचालय या तिन्ही गोष्टी त्या एका थरापाशी येऊन अडल्या आहेत.

आजवर केलेला हिशेब मांडते, म्हणजे चूक दाखवणे सोपे जाईल.

इथल्या पावसाची सरासरी २७० मिलिमीटरच्या आसपास असली, तरी मी वाईट वर्षासाठी १२० मिलिमीटरच धरले आहेत. तिघांना प्रत्येकी ३५ लिटर धरले तर दिवसाला १०५ आणि वर्षाला सुमारे ३८ हजार लिटर पाणी लागेल. घराच्या ६० चौरस मीटर छतावरून वाईट वर्षात जेमतेम पावणेसहा हजार लिटर मिळतील. त्याखेरीज ३०० चौरस मीटरचे आगोर, म्हणजे टांक्याभोवतीचे चोपून घट्ट केलेले उताराचे अंगण, करायचा विचार आहे. पडलेल्या पावसापैकी ४० टक्के वाहून आत येईल असे मानले तर त्यातून १४,४०० लिटर जमतील. दोन्ही मिळून २० हजार होतात, म्हणजे निम्म्याची तूट राहते. टांका ३ मीटर व्यासाचा आणि ३ मीटर खोल केला तर त्यात २१ हजार लिटर मावतात.

त्यात कूलरचा प्रश्न आहे. गेल्या मे महिन्यात शहरातल्या घरी मी मोजून पाहिले, तेव्हा कूलर आठ तासांत सुमारे ७० लिटर पाणी पीत होता. उन्हाळ्याचे ९० दिवस तो चालवला तर ६,३०० लिटर त्यातच जातात. वडिलांच्या खोलीसाठी तो हवाच आहे, पण घर मुळातच थंड राहिले तर त्याचे दिवस कमी करता येतील, आणि म्हणून मला भिंती व छतावर कंजुषी करायची नाही. भिंती स्थानिक दगडाच्या, ४५ सेंटिमीटर जाडीच्या, मातीत बांधून बाहेरून दगडांच्या सांध्यांत चुना भरलेल्या असाव्यात असे ठरवले आहे. छतासाठी लोखंडी गर्डरवर जोधपुरी दगडाच्या पट्ट्या टाकण्याची इथली पद्धत स्वस्त आणि टिकाऊ आहे. त्यावर आमच्या माणदेशात असते तसे एक फूट मातीचे माळवद घालावे अशी वडिलांची फार इच्छा आहे. आजोळच्या धाब्याच्या घरात एप्रिलच्या दुपारीही किती गारवा असे, हे मलाही आठवते.

विजेची गरज दिवसाला साडेतीन युनिट निघते : लहान फ्रिज १, कूलर सुमारे १, दोन कमी वॅटचे पंखे मिळून ०.८५, आणि उरलेल्यात दिवे, पाण्याचा पंप, फोन व वडिलांचे वाफेचे यंत्र. त्यासाठी दीड किलोवॅटचे पॅनल आणि ५ युनिट साठवणारी लिथियम-फॉस्फेट बॅटरी योजली आहे. या बाबतीत आधी एकदा फसगत झाली आहे. राखणीसाठी उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत शिसे-आम्लाच्या दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या. विक्रेत्याने जागा पाहूनही काही सांगितले नाही, आणि चौदा महिन्यांत त्यांची क्षमता निम्म्यावर आली.

माझे प्रश्न असे आहेत. पाया पांढऱ्या थरावर टेकवावा की त्याच्या वरच थांबवावा? टांका त्या थरातून खाली नेला तर जिप्सममुळे सिमेंट खराब होईल का? सरकारी योजनांत सांगतात तसे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय इथे चालेल का? आणि माळवदाचे वजन पट्ट्या पेलतील का?

प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, सोलापूर)

ताई, आपण हिशेब मांडून विचारले आहे, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. आधी छताचे सांगतो. एक फूट ओलसर मातीचे वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास होते, आणि पट्ट्यांचे स्वतःचे वजन १८० किलोच्या घरात असते. एवढ्या भारासाठी गर्डर इतके जाड घ्यावे लागतील की आपल्या बचतीचा मोठा वाटा लोखंडातच जाईल. शिवाय माळवद टिकते ते माणदेशातल्या विशिष्ट पांढऱ्या मातीमुळे. बाडमेरची वाळूमिश्रित माती पहिल्या वळवात पन्हळीतून वाहून जाईल. पट्ट्यांवर १० सेंटिमीटर माती-चुन्याचा थर, त्यावर उपडी मातीची मडकी शेजारी-शेजारी, मधल्या फटींत चुन्याचा कोबा आणि वर दरवर्षी चुन्याची सफेदी, अशी रचना करावी. मडक्यांत अडकलेली हवा उष्णता रोखते आणि सफेदी ऊन परतवते. वडिलांना माळवदाचा गारवा पुष्कळसा यातूनही मिळेल.

जाड भिंतींबाबत एक इशारा द्यायला हवा. ४५ सेंटिमीटर दगडातून दुपारची उष्णता आत पोहोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे ती नेमकी झोपण्याच्या वेळी पोहोचते. म्हणून पश्चिमेची भिंत उन्हात उघडी ठेवू नका. त्या बाजूला कोठी आणि न्हाणीघर घ्या, आणि रात्री गरम हवा निघून जाईल असे उंचावरचे झरोके ठेवा.

आता पांढऱ्या थराविषयी. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळते. घराखाली तो थर फोडला आणि तिथे पाणी जाऊ लागले, तर काही वर्षांत पाया असमान खचू शकतो. म्हणून पाया अडीच फुटांवर थांबवा, खाली दगडाचे रुंद थर द्या आणि जोते मात्र गेल्या ऑगस्टच्या पाण्याच्या खुणेपासून किमान तीन फूट वर घ्या. जोत्याचा खर्च टाळण्याचा मोह होईल, पण २००६ चे पाणी ज्या भागात साचले तिथे हा खर्च सर्वांत आधी करायचा असतो.

टांक्याला मात्र थर भेदून खाली जावेच लागेल, आणि तिथे दोन धोके आहेत. पहिला सल्फेटचा : जिप्सममधील सल्फेटची सिमेंटशी प्रक्रिया होऊन गिलावा फुगतो आणि तडकतो. त्यासाठी साध्या सिमेंटऐवजी राखमिश्रित किंवा धातुमळीचे सिमेंट वापरा, पाणी कमी घालून घट्ट मिश्रण करा आणि विंधनविहिरीचे खारे पाणी बांधकामात अजिबात वापरू नका. दुसरा धोका सहसा कोणी सांगत नाही. टांका बांधल्यावर भोवतीच्या खड्ड्यात वाळू ढकलली, तर थरावर साचलेले पाणी त्या वाळूतून खाली उतरून टांक्याला वेढते. दगडी टांका एक फूट जाडीचा धरला तर त्याचे वजन २८ टनांच्या आसपास भरते, आणि पूर्ण वेढले गेल्यास पाणी त्याला ३२ टनांनी वर उचलते. टांका त्या वेळी रिकामा असेल तर तो उचलला जाऊन फुटू शकतो. म्हणून भोवतीची पोकळी वाळूने न भरता चिकणमातीने थराथराने धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबत, भरा. बाडमेर जिल्ह्यात बेंटोनाइटच्या खाणी आहेत. पाणी लागताच फुगून फटी बुजवणारी ती माती आपल्या दाराशी आहे.

प्रतिसाद (जोधपूर, २२ वर्षांपासून वास्तव्य)

पाण्याची तूट टांका मोठा करून भरून निघणार नाही, कारण वाईट वर्षी आडातच नसते. आगोर वाढवा. टांका बांधायला पैसा लागतो, आगोर वाढवायला मुख्यतः मुरूम, रोलर आणि श्रम. ६०० चौरस मीटर केल्यास तुमच्याच हिशेबाने वाईट वर्षी छतासह साडेचौतीस हजार लिटर मिळतील. चांगल्या वर्षाचे जास्तीचे पाणी पुढच्या वर्षासाठी राखायला २१ हजार लिटरचे दोन टांके ठेवा. एक साफ करताना किंवा एकाला तडा गेल्यास दुसरा असतो. जोधपूरच्या काझरी या केंद्रीय संशोधन संस्थेने सुधारित टांक्यांचे नमुने तयार केले आहेत, ते जाऊन पाहावेत. आगोराला काटेरी कुंपण घाला. शेळ्यांच्या लेंड्या हा टांक्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पहिल्या पावसाचे पाणी आत घेऊ नका, आणि तोंडाशी जाळी व गाळ बसायला लहान हौद ठेवा.

शोषखड्डे तिथे चालणार नाहीत. ज्या थरावर पावसाचे पाणी सहा दिवस उभे राहिले, त्यावर मैलापाणीही तसेच उभे राहील आणि पावसाळ्यात बाजूने टांक्याकडे सरकेल. जमिनीच्या वर बांधलेले, मूत्र वेगळे करणारे कोरडे शौचालय घ्या. दोन कप्पे आलटून-पालटून वापरायचे आणि प्रत्येक वेळी राख टाकायची. तिथल्या कोरड्या हवेत वास जवळजवळ येत नाही. वडिलांसाठी पायऱ्यांना कठडा आणि बसण्याची उंच बैठक करायला विसरू नका.

बॅटरी उत्तरेच्या खोलीत, जमिनीलगत ठेवा. लिथियमच्या बॅटरीचे चार्जिंग ४५ अंशांच्या आसपास आपोआप थांबते, आणि तुमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ते दुपारभर थांबलेले असेल. पॅनल धुण्यात पाणी घालवू नका. पहाटे मऊ झाडूने कोरडी धूळ काढली तरी पुरते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. वडिलांना प्रतिसाद वाचून दाखवले. माळवद होणार नाही हे ऐकून ते थोडा वेळ गप्प होते. मग मडक्यांसाठी बाडमेरच्या कुंभाराकडे आपणच जाऊ म्हणाले.

त्यानुसार बदल केले आहेत. टांके दोन, आगोर ६०० चौरस मीटरचे, शौचालय कोरडे, आणि जोते पाण्याच्या खुणेपासून तीन फूट उंच. या वाढीव खर्चासाठी ओसरीचे पक्के छत तूर्तास सोडले असून तिथे खींप या झुडपाच्या काड्यांची शाकारणी करू. या भागातल्या झोंपड्यांना तीच असते आणि ती करणारी माणसे शेजारच्या ढाणीत, म्हणजे वस्तीवर, आहेत. पश्चिमेला कोठी व न्हाणीघर येईल असा आराखडाही फिरवून घेतला आहे.

आमच्या वयस्क चेजाऱ्याने, म्हणजे गवंड्याने, एक वेगळी गोष्ट सुचवली आहे. पांढऱ्या थराला तुम्ही अडचण का म्हणता, असे त्याने विचारले. पाताळातले पाणी खारे असले, तरी अशा थरावर वाळूत अडकून राहिलेले पावसाचे पाणी गोडे असते. त्याला इथे रेजाणी पाणी म्हणतात, आणि बेरी, म्हणजे अरुंद विहीर, खणून ते थेंबथेंब मिळवण्याची रीत जुनी आहे. आमच्याकडे थरावर चारच फूट वाळू आहे, त्यामुळे बेरीला बारमाही पाणी लागेल असे मला वाटत नाही, पण पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने वरच्या वापरापुरते आणि झाडांपुरते मिळाले तरी टांक्यावरचा भार हलका होईल. घरापासून शंभर फुटांवर, उताराच्या वरच्या अंगाला, एक चाचणी बेरी खणायचे ठरवले आहे.

आता एकच माहिती हवी आहे. टांक्याभोवती भरण्यासाठी खाणीवरचे कच्चे बेंटोनाइट स्थानिक वाळूत मिसळायचे असल्यास प्रमाण किती ठेवावे, आणि ते कोरडे मिसळून धुम्मस करावे की ओलावून? फार जास्त घातले तर फुगताना ते टांक्याच्याच भिंतीला आत दाबेल अशी मला भीती वाटते. शेततळ्याच्या अस्तरासाठी किंवा धरणाच्या कामावर कोणी हे प्रत्यक्ष केले असेल तर कृपया कळवावे. खोदाई दिवाळीनंतर सुरू होईल, आणि तोवर दोन-तीन प्रमाणांची मिश्रणे पत्र्याच्या डब्यांत भरून, पाणी घालून पाहणार आहे. त्यांची निरीक्षणे इथेच लिहीन.