मदत हवी आहे: गरोदरपणाचा नववा आठवडा, घरात दोन मांजरं

नमस्कार. माझी पहिलीच वेळ आहे. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. ठमी ६ वर्षांची, दाराबाहेर कधी पाऊल टाकत नाही. काळू २ वर्षांचा बोका, नसबंदी झालेली आहे, पण दिवसभर पार्किंगमध्ये उंदरांमागे असतो आणि रात्री माझ्या पायाशी येऊन झोपतो.

गेल्या आठवड्यात टॉक्सोप्लाझ्माची (मांजरांमुळे पसरू शकणारा एक परजीवी) रक्ततपासणी झाली. आयजीजी, आयजीएम (संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं) दोन्ही निगेटिव्ह. घरचे खूश झाले. डॉक्टरांनी मात्र समजावलं की याचा अर्थ मला हा संसर्ग आजवर झालेलाच नाही, म्हणजे शरीरात प्रतिकारशक्तीही नाही. गरोदरपणात तो पहिल्यांदा झाला तर बाळापर्यंत पोचू शकतो, डोळ्यांना आणि मेंदूला इजा करू शकतो. पूर्वीच होऊन गेला असता तर काळजी कमी होती. हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही.

सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्या मायेनंच म्हणतात, "अगं, मांजरं वर्षभर गावाकडे ठेवू, बाळ झालं की आण परत." त्यांना भीती मांजराच्या केसांची. डॉक्टर म्हणाल्या, केसांमधून नाही, शीमधून पसरतं. तरी त्यांच्या मनातून ते जात नाही. आणि मला आठवतंय, लहानपणी आमची मनी मामाकडे नेऊन सोडली होती. ती चौथ्या दिवशी तिथून निघाली, पुन्हा कुणाला दिसली नाही.

अडचण अशी की मांजरांच्या शीचा ट्रे नवरा साफ करतो आणि सोमवारपासून तो १२ दिवस बाहेरगावी आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. हातमोजे घालून मी केला तर चालेल का? काळूला घरात कोंडलं तर रात्रभर ओरडतो, कुणी सवय लावली आहे का? शिवाय तो बाल्कनीतल्या कुंड्या उकरतो आणि मी रोज त्यांतलीच कोथिंबीर खुडते.

कृपया नुसतं "देऊन टाक" असं लिहू नका.

प्रतिसाद १

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, माझी दोन्ही बाळंतपणं मांजरं घरात असतानाच झाली. मांजराला सहसा कच्च्या मांसातून किंवा उंदीर-पक्षी खाल्ल्यानं लागण होते. पहिल्या लागणीनंतर १ ते ३ आठवडे त्याच्या शीतून या परजीवीची अंडी पडतात. ती पडल्या पडल्या घातक नसतात, तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, उद्यावर टाकायचा नाही. दुसऱ्या कुणी केला तर उत्तम. अगदीच कुणी नसेल तर हातमोजे, मास्क, आणि नंतर साबणानं हात. ट्रेवर उकळतं पाणी ओता, फिनेल किंवा ब्लीचनं ही अंडी मरत नाहीत.

ठमीची भीती जवळजवळ नाही. मला तुमच्या कुंड्यांची जास्त भीती वाटते. मातीत ही अंडी वर्षभरही टिकतात. ती कोथिंबीर आता खाऊ नका, कुंड्यांना हात लावू नका. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या ६ शहरांमधल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास आला होता. त्यात ३० ते ६३ टक्के संसर्ग अर्धकच्च्या मांसातून आणि ६ ते १७ टक्के मातीच्या संपर्कातून आल्याचं दिसलं. मांजरांशी संपर्क हे कारण म्हणून पुढे आलंच नाही. तेव्हा मटण-खिमा पूर्ण शिजलेला, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुतलेली, दूध उकळलेलं. कच्चं मांस हाताळलेली सुरी-पाट सॅलडला वापरू नका.

प्रतिसाद २

आमचा बोकाही असाच भटका होता. सवय लागायला साधारण १५ दिवस गेले. खिडक्यांना जाळी लावली, रात्री झोपण्याआधी अर्धा तास दोरीशी दमेपर्यंत खेळवायचं आणि मग पोटभर जेवण. ओरडला तरी दार उघडायचं नाही. एकदा उघडलंत की ओरडल्यावर दार उघडतं हे तो पक्कं शिकतो. कच्चं मांस देऊ नका, कोरडं खाणं किंवा शिजवलेले मासे द्या.

काळू बाहेर जातो म्हणून आणखी एक. ओरखडला किंवा चावला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लस गरोदरपणातही घेता येते. काळूची लस झाली आहे ना?

प्रतिसाद ३

ट्रेचं काम कामवाल्या बाईंना सांगणार असाल तर आधी त्यांना नीट विचारा. त्याही गरोदर असू शकतात, किंवा तशा विचारात असतील. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाईंनाच सांगणार होते, आता नाही. शेजारचा कॉलेजमधला मुलगा रोज सकाळी ट्रे करायला तयार झालाय, तो काळूचा मित्रच आहे. कुंड्या आज गच्चीवर गेल्या. सासूबाईंना पहिला प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, "केसांतून नाही ना नक्की?" आणि मग ठमीला स्वतःहून दूधभात घातला.

काळूची रेबीजची लस मार्चमध्ये द्यायची होती, राहून गेली. उद्या नवरा घेऊन जाणार आहे. जाळीवाला शनिवारी येतोय. डॉक्टरांनी रक्ततपासणी पुन्हा करायला सांगितली आहे, रिपोर्ट आला की इथेच कळवते.