मदत हवी आहे: डायव्हिंगच्या ट्रेड शोला पहिल्यांदाच जातेय, काय बघू आणि कोणाला काय विचारू?

नमस्कार मंडळी,

मी स्कूबा इन्स्ट्रक्टर आहे. ज्या डाइव्ह सेंटरमध्ये शिकवते तिथलं भाड्याने द्यायचं सगळं सामान आता बदलायला आलंय, त्यासाठी यंदा मला डेमा शोला, म्हणजे अमेरिकेत भरणाऱ्या डायव्हिंगच्या सामानाच्या मोठ्या प्रदर्शनाला, पाठवतायत. हा शो फक्त धंद्यातल्या लोकांसाठी असतो, ड्युसेलडॉर्फच्या बोट शोसारखं तिकीट काढून कोणीही आत जाईल असं नाही, बॅजसाठीच आपण या व्यवसायात आहोत याचे कागद द्यावे लागतात, ते काम झालंय. अडचण त्याच्या पुढची आहे. चार दिवस, भलामोठा हॉल, एकाच वेळी सेमिनार, डेमो, मीटिंगा सगळं चालू, आणि मी एकटीने ते बघून परत आल्यावर कुठल्या कंपनीचं सामान घ्यायचं ते सांगायचंय.

सगळ्यात जास्त काळजी रेग्युलेटरची, म्हणजे सिलेंडरमधली हवा श्वासाला मिळेल अशा दाबावर आणून देणाऱ्या यंत्राची. भाड्याचा रेग्युलेटर रोज नवीन माणसाच्या तोंडात जातो, वाळूत पडतो, कोणीतरी डस्ट कॅप (हवा आत येते त्या तोंडाचं झाकण) न लावताच धुवायच्या टबात बुचकळतो. फर्स्ट स्टेजच्या (सिलेंडरला जोडायच्या भागाच्या) तोंडाशी ती बारीक गोल जाळी असते ना, ती हिरवट दिसायला लागली की समजायचं खारं पाणी आत गेलंय, मग पूर्ण उघडून साफ केल्याशिवाय तो परत द्यायचा नाही. त्यामुळे कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय यापेक्षा तो उघडायला किती सोपा, सर्व्हिस किट वेळेवर मिळतं का आणि आमच्यापैकी कोणाला त्याचं ट्रेनिंग मिळेल का, हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं.

साधा अनबॅलन्स्ड पिस्टनवाला घेतला तर आत हलणारे भाग अगदी कमी, दणकट, सर्व्हिस पटकन होते, पण सिलेंडर रिकामा होत आला की श्वास ओढायला जड जातो आणि नवशिका माणूस नेमका डाइव्हच्या शेवटीच दमलेला असतो. बॅलन्स्ड डायफ्रॅममध्ये (पिस्टनऐवजी लवचीक पडदा असलेल्या प्रकारात) तो प्रश्न येत नाही, पाणी-वाळू पण मुख्य यंत्रणेपासून लांब राहते, पण सुटे भाग जास्त. माझं मन डायफ्रॅमकडे झुकतंय कारण पाण्याखाली घाबरलेल्या माणसाचे डोळे मी बघितलेत आणि त्याला श्वास तरी विनासायास मिळावा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही लोक भाड्यासाठी काय वापरता?

दुसरं म्हणजे कॉम्प्रेसर, सिलेंडरमध्ये हवा भरायचं मशीन. ११.१ लिटरचे अॅल्युमिनियमचे सिलेंडर ५० बारवर (बार हे दाबाचं माप) परत येतात असं धरलं तर २०० पर्यंत भरायला प्रत्येकी साधारण १६६५ लिटर हवा लागते, म्हणजे २० सिलेंडरना ३३,३०० लिटर. मिनिटाला १०० लिटरवाल्या मशीनला साडेपाच तास, २५० वाल्याला सव्वादोन तासांच्या आसपास. हे गणित बरोबर आहे ना? आणि स्टॉलवर मशीन बंदच ठेवलेलं असलं तर त्यात बघायचं तरी काय?

निळापाणी: पहिला दिवस काही ठरवू नका, नुसता हॉल फिरा, कोण कुठे आहे ते नकाशावर खुणा करून ठेवा. खरं बोलणं दुसऱ्या दिवसापासून, आणि त्यासाठी आत्ताच मेल करून वेळा घ्या कारण तिथे गेल्यावर मोठ्या कंपन्यांच्या माणसांना उसंत नसते. रेग्युलेटरबद्दल सेल्सवाल्याशी कमी बोला, सर्व्हिसचं बघणारा माणूस कोण ते विचारून त्याला गाठा. त्याच्याकडे सुट्या भागांची आकृती मागा, त्यात ओ रिंगा (हवा गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या) नेहमीच्या मापाच्या आहेत की फक्त त्याच कंपनीच्या, उघडायला खास हत्यारं किती लागतात, हे लगेच कळतं. मॉडेल बंद झालं तरी किट किती वर्षं देणार हे लेखी घ्या. कंपन्या दुरुस्तीचे कोर्स शोमध्येच घेतात, जागा मोजक्या असतात, नाव आधी नोंदवा. आणि शोपुरती सूट आहे म्हणून सही करू नका, माल टप्प्याटप्प्याने पाठवाल का ते आधी विचारा.

डायफ्रॅमच घ्या, आम्हीपण तेच वापरतो.

फिल्टरवाला: गणित बरोबर आहे, पण मधे सिलेंडर बदलायचा आणि मशीनला विश्रांतीचा वेळ त्यात धरा. लिटरचा आकडा कसा मोजलाय ते आधी विचारायचं, कारण पंपाने आत ओढलेली हवा आणि सिलेंडरमध्ये खरोखर गेलेली हवा हे दोन वेगळे आकडे आहेत. मग फिल्टर. गरम दमट हवेत फिल्टरचं आतलं बदलायचं काडतूस छापील तासांच्या बरंच आधी संपतं, म्हणून किती तापमानाला किती तास याचा तक्ता मागून घ्या. बंद मशीनवर हे बघा: तेल तपासायची काच, पाणी सोडायचे कॉक आणि फिल्टरचं झाकण, हे सगळं हाताशी येतंय का. जे अवघड जागी असतं ते रोज केलं जात नाही.

हवेच्या बाबतीत तडजोड नको. युरोपियन मानक ईएन १२०२१ प्रमाणे कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५ भागांच्या) वर चालत नाही, आणि ३० मीटरवर दाब चौपट असल्यामुळे तिथे त्याचा परिणामही चौपट धरायचा. कार्बन मोनॉक्साइडचा मॉनिटर कॉम्प्रेसरलाच बसवून मिळतो का ते प्रत्येक स्टॉलवर विचारा.

धागाकर्ती: दोघांचेही खूप खूप आभार, कोर्ससाठी आजच मेल टाकते. मॉनिटरचं माझ्या यादीत नव्हतंच, वरती लिहून घेतलं.

अजून एक राहिलंच. डाइव्ह कॉम्प्युटर पण घ्यायचेत, म्हणजे खोली आणि वेळ बघून शरीरात किती नायट्रोजन साठला त्याचा हिशोब ठेवणारी यंत्रं. सकाळी एकाने वापरलेला दुपारी दुसऱ्याला दिला तर आधीच्या माणसाचा नायट्रोजनचा हिशोब त्यातच राहतो, म्हणून आम्ही एका माणसाला पूर्ण कोर्सभर एकच कॉम्प्युटर देतो. हा हिशोब पुसायची सोय कुठल्या मॉडेलमध्ये असते का, म्हणजे तेच बघते.

निळापाणी: बऱ्याच मॉडेलमध्ये असते, पण विद्यार्थ्याच्या हाताने चुकून पुसलं जाणार नाही असं बघा, कारण एकाच माणसाच्या दोन डाइव्हच्या मधे ते पुसलं गेलं तर जास्त धोका. स्टॉलवर स्वतः बटणं दाबून करून बघा. बॅटरी आपल्याला बदलता येते का तेही तिथेच बघून घ्या.