मदत हवी आहे: उत्तर सुलावेसी आणि तोगेआन बेटं, एकटीने (टार्सियर, नारळ फोडणारे खेकडे वगैरे)

भटकभवानी:

नमस्कार मंडळी,

येत्या जुलैत इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला एकटीने जायचं चाललंय. पाठीवर एक सॅक, जेमतेम तीन आठवड्यांची सुट्टी आणि त्याहून जेमतेम बजेट. बाली करून आलेले लोक ओळखीत पैशाला पासरी आहेत, पण सुलावेसीला गेलेलं माणूस काही सापडेना. म्हणून हा धागा.

आधीच सांगते, झोके, योगा आणि फोटोपुरते धबधबे यात मला रस नाही. मला प्राणी बघायचेत. वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी पहाटे उठून वाळूत बसलेली आहे, त्यामुळे काहीच दिसलं नाही तरी मी रुसत नाही. सगळे म्हणतात, मग कोमोडोला जा. कोमोडोचं ड्रॅगन मी शाळेपासून टीव्हीवर बघतेय. सुलावेसीचं वेड वेगळं आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा सुमात्रा, जावा, बोर्निओ आशियाला जोडले गेले होते. सुलावेसीभोवतीचं पाणी इतकं खोल की ते एकटंच राहिलं. त्यामुळे तिथे आशियाकडची माकडं आणि ऑस्ट्रेलियाकडचा पोटाला पिशवी असलेला कस्कस एकाच जंगलात राहतात. आल्फ्रेड वॉलेस १८५९ मध्ये मनाडोला येऊन हेच सगळं डोळे फाडून बघत होता. त्याच मनाडोच्या बाजारात १९९७ मध्ये मधुचंद्राला आलेल्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला हातगाडीवर सीलाकांथ मासा दिसला! कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं ज्या कुळाबद्दल एके काळी मानत होते, त्यातला. अशा ठिकाणी नाही जायचं तर कुठे जायचं?

कच्चा बेत असा: मनाडो, तिथून तांगकोकोचं जंगल, मग बुनाकेन बेट, रस्त्याने गोरोन्तालो, रात्रीच्या फेरीबोटीने तोगेआन बेटं आणि परत.

आता अडलंय कुठे ते सांगते. तांगकोकोत टार्सियर (माकडांचा मोठ्या डोळ्यांचा चिमुकला नातेवाईक) संध्याकाळी दिसतात म्हणे. अनोळखी वाटाड्याबरोबर अंधारात एकटीने जंगलात जाणं कितपत ठीक? स्नॉर्केलिंग येतं, पण पट्टेरी समुद्रसाप शेजारून गेला तर काय करायचं ते येत नाही. तोगेआनला नारळ फोडणारा मोठा खेकडा बघायचाय, पण कोणी तो दोरीने बांधून फोटोसाठी पुढे करणार असेल तर नको. मी अंडी खाते, मासे-मटण नाही. आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न: आईने 'सुलावेसी' शब्द यूट्यूबवर टाकला आणि तिला अजगराच्या पोटातून माणूस काढतानाचा व्हिडिओ मिळाला. तेव्हापासून घरात हा विषय बंद आहे.

कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

सागरगोटा:

बेत झकास आहे. मी कामानिमित्त तांगकोकोजवळच्या बितुंगला राहिलो होतो, त्यामुळे तांगकोकोबद्दल खात्रीने लिहितो.

मुक्काम बातुपुतिह गावात कर. मनाडोहून गाडीने साधारण दोन तास. वाटाड्या घ्यावाच लागतो, ऐच्छिक नाही. एकटीने जायची काळजी असेल तर होमस्टेवाल्यांना आल्याआल्या सांगून ठेव, ते तुला दुसऱ्या पाहुण्यांच्या गटात जोडून देतात. खर्चही वाटला जातो. गाव छोटं आहे, कोण कुणाबरोबर जंगलात गेलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं.

टार्सियर मोठ्या वडा-उंबराच्या जातीच्या, दुसऱ्या झाडाला वेढून वाढलेल्या झाडांच्या पोकळीत दिवसभर झोपतो. सूर्य बुडला की बाहेर येतो. मुठीत मावेल एवढा जीव, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, आणि एकेक डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा. ते डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान पार पाठीमागे वळवून बघतो. फळं-पानं अजिबात नाहीत, फक्त किडे आणि बारीकसारीक प्राणी. काही वाटाडे टोळ दाखवून त्याला जवळ बोलावतात आणि सगळे एकदम फ्लॅश मारतात. तू आधीच सांग की मला हे नको. थोडं दूरून, मंद लाल प्रकाशात बघितलास तर तो आपल्या कामाला लागलेला दिसतो. टोळासाठी हात पुढे करणाऱ्या टार्सियरपेक्षा ते बघणं कितीतरी भारी. आणि संध्याकाळ एकच करू नकोस, पहाटेही जा. उजाडायच्या आधी ते झाडाकडे परततात तेव्हा नर-मादी मिळून किरट्या आवाजात गातात. बहुतेक पर्यटक तेव्हा घोरत असतात.

दिवसा काळी, शेंडीवाली माकडं दिसतील. स्थानिक लोक त्यांना याकी म्हणतात. शेपूट जवळजवळ नाहीच. अतिशय धोक्यात आलेली जात आहे, पण ती स्वतः अजिबात घाबरत नाहीत, तुझ्या पायावरून चालत जातील. खायला काही देऊ नको, सॅकचे कप्पे बंद ठेव, हसून दात दाखवू नको. ज्या माकडाने छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा फोटो काढला आणि अमेरिकेत त्या फोटोच्या हक्कावरून खटला चालला, ते इथलंच. (खटला माकड हरलं.)

खरा शत्रू सांगायचा राहिला: गोनोने. डोळ्याला धड न दिसणारे लाल किडे, गवतातून पायावर चढतात आणि मग आठवडाभर तू फक्त खाजवत बसतेस. पँट लांब मोज्यांत खोचायची, मोज्यांवर औषध मारायचं, पडलेल्या ओंडक्यावर कितीही दमलीस तरी बसायचं नाही, आणि खोलीवर आलं की आधी साबणाने खसखसून अंघोळ. कपडे गादीवर टाकू नकोस.

कडूकिराईत:

पेशाने डॉक्टर आहे, सुलावेसीला गेलेलो नाही, म्हणून फक्त माझ्या खात्यातलं लिहितो.

उत्तर सुलावेसीत रेबीज आहे, मुख्यतः कुत्र्यांमुळे. निघायच्या महिनाभर आधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. लोक म्हणतात, चावल्यावर घेऊ की. पण लस आधी घेतलेली नसेल तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि तुम्ही ज्या बेटांवर जाताय तिथून ते मिळवायला बोटीची वाट बघावी लागेल. आधी घेतली असेल तर नंतर फक्त दोन डोस पुरतात. ते मात्र घ्यावेच लागतात, 'मी घेतलीय' म्हणून सोडून द्यायचे नाहीत. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, इथे विचारून नको.

समुद्रसापाबद्दल: पट्टेरी समुद्रसापाचं विष नागापेक्षा जहाल, पण स्वभाव गरीब. पोहणाऱ्याला चावण्याचे प्रकार फार विरळ. चावे बहुतेक कोळ्यांना बसतात, जाळ्यात अडकलेला साप हाताने काढताना. शेजारून गेला तर जाऊ द्या, हात लांबवू नका. हा साप आराम करायला आणि अंडी घालायला जमिनीवर येतो, तेव्हा रात्री किनाऱ्यावर खडकांत अनवाणी फिरू नका.

आईंना माझ्याकडून सांगा: व्हिडिओ खरे आहेत. २०१७ मध्ये पश्चिम सुलावेसीत पामच्या बागेत गेलेला माणूस आणि २०१८ मध्ये आग्नेयेकडच्या मुना बेटावर रात्री शेतावर गेलेली बाई. दोन्ही जागा तुमच्या वाटेपासून खूप लांब आहेत, आणि बातमी एवढी गाजते ती असं क्वचित घडतं म्हणूनच. हेल्मेटशिवाय भाड्याच्या स्कूटरवर बसलात तर मात्र मी आईंच्या बाजूने.

निवृत्त_बोटवाला:

पोरी, एवढ्या लांब कशाला? आपल्या अंदमानात काय कमी आहे? दिग्लीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची कासवं अंडी घालायला येतात. व्हिसा नको, हिंदी चालते.

भटकभवानी:

काका, अंदमान यादीत आहेच, पण कासवांसाठी जायचं तर हिवाळ्यात. आणि तो मोठा खेकडा आपल्याकडे मुख्यतः निकोबारला, तिथे सहज फिरायला परवानगी मिळत नाही.

वरणभात:

खाण्याचं सोपं आहे. मनाडोला सकाळी तिनुतुआन माग: तांदळाची पेज, त्यात भोपळा, मका, पालेभाज्या. आजारी माणसाला देतो तसं वाटेल पण चव मस्त. सुकी मासळी बाजूला देतात, ती नको म्हणून सांग. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) सगळीकडे. गोची होते ती सांबालमध्ये (तिथली मिरचीची चटणी), त्यात तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. तोगेआनला मात्र भात, अंडं आणि मासा हाच मेनू. शेंगदाण्याची चटणी डबा भरून ने, मीही तेच केलं असतं.

अवांतर: मनाडोजवळच्या तोमोहोनचा बाजार 'बघण्यासारखा' म्हणून कुणी सुचवेल. वटवाघळं, उंदीर, अजगर विकायला मांडलेले असतात. कुत्र्या-मांजरांच्या मांसाची विक्री तिथे २०२३ मध्ये थांबली, बाकी चालू आहे. तुला झेपणार नाही असं वाटतं.

तिखटमीठ:

मी तोगेआनला एकटीच गेले होते, आणि बाई म्हणून त्रास शून्य. चौकशा मात्र अखंड: नवरा कुठे, मुलं किती, एवढी सॅक स्वतः का उचलतेस.

गोरोन्तालोहून तोगेआनमधल्या वाकाईला जाणारी फेरीबोट रोज नसते, रात्रभराचा प्रवास आहे. त्यामुळे सगळा बेत फेरीबोटीच्या वारापासून उलटा बांध. परतीच्या विमानाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवच. समुद्र खवळला तर बोट नाही. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये रुआंग ज्वालामुखी फुटला तेव्हा मनाडोचा विमानतळही बंद ठेवावा लागला होता. बेटांवर एटीएम नाही, सगळे पैसे रोख ने. वीज बऱ्याच ठिकाणी फक्त संध्याकाळी. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातले लोक गर्दी करतात, खोली आधी सांगून ठेव.

खेकड्याचं म्हणशील तर, मोठा झालेला चार किलोपर्यंत जातो, पाय पसरले तर जवळजवळ मीटरभर. आयुष्य चाळीस वर्षांच्या पुढे आणि वाढ अगदी सावकाश, म्हणून एक मोठा खेकडा कुणाच्या ताटात गेला की ती जागा भरायला दशकं जातात. 'दाखवा' म्हटलंस की कुणीतरी पकडून आणणार, कारण त्यांना वाटतं पाहुणीला खूश करायचंय. म्हणून मी मागणी केलीच नाही. होमस्टेच्या मालकिणीला सांगितलं, रात्री नारळाच्या झाडांत स्वतः शोधायचाय, सोबत येशील का? ती हसत सुटली, पण आली. पहिल्यांदा काही नाही, नंतर एक दिसला, खोडावर निळसर-काळा, टॉर्च पडताच थिजलेला. आम्ही टॉर्च विझवला आणि परतलो. गंमत म्हणजे हा प्राणी पाण्यात टाकला तर बुडून मरतो.

न चावणाऱ्या जेलीफिशचं तळंही तिथे आहे, मारिओना नावाचं. जायच्या आधी अंगावरचं सनस्क्रीन धू, पायाला फिन्स (पोहायचे रबरी पंख) लावू नकोस. जेलीफिश इतक्या नाजूक असतात की पंख्यासारखा पाय मारलास तर फाटतात.

भटकभवानी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सागरगोटा, गोनोनेचं वाचूनच खाज सुटली. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "लस घेणार असशील तर बोलू." म्हणजे बंदी उठली, अटी लागू.

बदललेला बेत: बुनाकेनला कात्री. तांगकोकोत दोन रात्री जास्त, तोगेआनला निवांत, आणि शेवटी मनाडोत मोकळे दिवस. व्हिसा विमानतळावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा, म्हणजे तिथे तरी अडचण नाही.

एकच राहिलं. मनाडो-गोरोन्तालो रस्त्यात कोतामोबागूजवळ तांबुनला मालेओ पक्षी गरम जमिनीत अंडी पुरतो. अंडं कोंबडीच्या पाचपट, आईबाप पुरून निघून जातात आणि पिल्लू माती उकरून बाहेर येतं ते थेट उडायच्या तयारीनेच. जुलैत पक्षी येतात का, आणि कोतामोबागूत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी पुढची शेअर गाडी मध्येच पकडता येते का? की मनाडोहून पूर्ण गाडीच करावी लागते? तिखटमीठ, तू त्याच रस्त्याने गेलीस ना?