मदत हवी आहे: जिऊ-जित्सूत आधी डाव पाठ करावेत की तत्त्व समजून घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, गंगापूर रोडला राहतो. ८ महिन्यांपासून ब्राझिलियन जिऊ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची, कुस्तीसारखी कला) शिकतोय, पट्टा अजून पांढराच. सिझर स्वीप (खालून पायांच्या कात्रीने समोरच्याला उलटवायचा डाव) अगदी पाठ आहे: बाही धर, कॉलर ओढ, नडगी पोटावर आडवी, दुसऱ्या पायाने गुडघा काप. पण रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या झटापटीत, समोरचा जरा मागे बसला की सगळं अडतं.

परवा एक सीनियर दादा एवढंच म्हणाले, "आधी त्याचं वजन स्वतःवर ओढून घे. बाही धरलेल्या बाजूला त्याला टेकायला हातच नाही, तिकडेच पडेल." आणि खरंच पडला! कुस्तीवाले तोल-तोल का म्हणतात ते तेव्हा कळलं.

आता प्रश्न असा, की नवीन डाव थांबवून काही महिने फक्त तोल, ग्रिप (पकड), फ्रेम (हातापायांचा टेकू लावून समोरच्याला दूर ठेवणं) यांवरच काम करू का? की पायऱ्या घोटल्याशिवाय तत्त्व अंगात उतरतच नाही? जांभळ्या पट्ट्यापर्यंत पोचलेल्यांनी आपला अनुभव जरूर सांगा.